म्पिंगो : आफ्रिकेचे काळे लाकूड

म्पिंगो हे पूर्व आफ्रिकेतील एका काटेरी, वेड्यावाकड्या वाढणाऱ्या झाडाचे स्वाहिली नाव. वनस्पतिशास्त्रात त्याला डाल्बर्जिया मेलॅनोझायलॉन म्हणतात. लाकडाचे व्यापारी त्याला आफ्रिकन ब्लॅकवुड म्हणतात, वाद्ये घडवणारे ग्रेनाडिला म्हणतात आणि मोझांबिकमध्ये पाऊ प्रेतो हे पोर्तुगीज नाव चालते. उत्तम प्रतीच्या क्लॅरिनेट, ओबो आणि स्कॉटिश बॅगपाइप गेली शंभरहून अधिक वर्षे प्रामुख्याने याच लाकडापासून होत आल्या आहेत. टांझानिया आणि मोझांबिकमधील माकोंदे शिल्पकारांच्या प्रसिद्ध काळ्या मूर्तीही याच लाकडाच्या. जगातील सर्वांत महाग लाकडांत त्याची गणना होते. टांझानियाने या झाडाला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला आहे.

मराठी वाचकाला या झाडाचे कूळ अनोळखी नाही. जुन्या वाड्यांतले शिसवी पलंग, झोपाळे आणि देव्हारे ज्या शिसवीच्या लाकडाचे, ती शिसव म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया, म्पिंगोची सख्खी बहीण. उत्तर भारतातला शिसमही याच डाल्बर्जिया वंशातला. तरी म्पिंगोला पुष्कळदा एबनी किंवा आबनूस समजले जाते, आणि ती चूक आहे. खरी एबनी डायोस्पायरॉस या वेगळ्या वंशातली. विदर्भातल्या जंगलात विडीच्या पानांसाठी ओळखली जाणारी टेंभुर्णी, म्हणजेच तेंदू, त्या वंशातली आहे. दोन्ही वंशांतल्या काही झाडांचा गाभा काळा असतो, एवढेच त्यांच्यातले साम्य. एक शेंगा धरणारे झाड आहे, दुसरे गरयुक्त फळे देणारे. आतले लाकूडही वेगळ्या घडणीचे आणि वेगळ्या स्वभावाचे.

पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत आणि दक्षिणेला अंगोला ते दक्षिण आफ्रिकेपर्यंत, वीसहून अधिक देशांत म्पिंगो आढळतो. भारतातही कोरड्या भागात त्याची लागवड झालेली आहे. व्यापारी उपयोगाचे लाकूड मात्र आज मुख्यतः दोनच देशांतून येते, ते म्हणजे दक्षिण टांझानिया आणि उत्तर मोझांबिक. या दोन्हींच्या सीमेवर रुवुमा नदी वाहते. तिच्या दोन्ही बाजूंना मिओम्बो नावाने ओळखली जाणारी विरळ, पानगळीची रानेच राने पसरलेली आहेत. पावसाळा संपला की ही राने कोरडी होतात, गवत वाळते आणि जवळजवळ दरवर्षी वणवे पेटतात.

या वातावरणात म्पिंगो फार उंच होत नाही. बहुतेक झाडे पाच ते पंधरा मीटरपर्यंत वाढतात. बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटतात, खोड सरळसोट नसते, त्यावर खोल पन्हळी असतात आणि फांद्यांना काटे असतात. साल करडी, पाने संयुक्त आणि लहान. फुले पांढरी, सुवासिक, घोसांत येणारी. शेंग कागदासारखी पातळ असून तिच्यात एकदोनच बिया असतात आणि ती वाऱ्याबरोबर दूर जाते. मुळांवर गाठी असतात व त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत बांधून ठेवतात, म्हणून निकस जमिनीतही झाड तग धरते. कापसाच्या काळ्या जमिनीपासून खडकाळ उतारांपर्यंत त्याला सगळे चालते. नाही चालत ती सावली. दाट झाडीत रोप वर येत नाही.

वणव्याशी या झाडाचे नाते दुहेरी आहे. लहान रोप दरवर्षी आगीत जमिनीपर्यंत जळते, पण मूळ जिवंत राहते आणि पावसाळ्यात पुन्हा धुमारे फुटतात. असे अनेक वर्षे चालते. मग एखाद्या वर्षी धुमारा इतका वाढतो की त्याचा शेंडा ज्वाळांच्या वर राहतो आणि तिथून पुढे झाड म्हणून त्याची वाढ सुरू होते. मोठे झाड आगीत सहसा मरत नाही. पण साल भाजली की तिथून बुरशी शिरते आणि गाभा कुजू लागतो. बाहेरून ठणठणीत दिसणारे खोड आतून पोकळ निघते ते यामुळे. त्यातच वाढ अतिशय मंद. वाद्यांच्या लाकडाजोगा घेर यायला साधारण ७० ते १०० वर्षे लागतात, कोरड्या जागी त्याहूनही जास्त. म्पिंगोचे जे गुण नावाजले जातात त्यांचे मूळ या मंद वाढीत आहे, आणि त्याच्या टंचाईचेही.

खोड आडवे कापले की दोन भाग स्पष्ट दिसतात. सालीलगतचा पातळ, पिवळसर पांढरा भाग म्हणजे रसकाष्ठ. त्यातून झाड पाणी वाहून नेते. त्याला किडे लवकर लागतात म्हणून कामासाठी तो टाकून देतात. आतला गाभा गडद जांभळट तपकिरी ते काळा. निव्वळ काळा गाभा क्वचितच मिळतो. ताज्या कापात जांभळी झाक आणि बारीक गडद रेषा दिसतात. क्लॅरिनेटचा एकसारखा काळाभोर रंग अनेकदा रंगवून आणलेला असतो. गाभ्यातल्या सूक्ष्म वाहिन्या गडद राळयुक्त द्रव्याने जवळपास भरून गेलेल्या असतात. त्यामुळे पृष्ठभाग इतका सलग लागतो की भिंगाशिवाय छिद्रे दिसत नाहीत. लाकडात नैसर्गिक तेल असते, म्हणून हाताला ते किंचित मेणचट लागते.

वजनाचे आकडे बोलके आहेत. वाळलेल्या म्पिंगोचे एक घनमीटर लाकूड साधारण १,२०० ते १,३०० किलो भरते. पाण्याचे एक घनमीटर १,००० किलोचे असते, म्हणून म्पिंगोचा तुकडा पाण्यात सरळ बुडतो. सागाचे लाकूड साधारण ६५० किलोच्या आसपास, म्हणजे म्पिंगो त्याच्या जवळपास दुप्पट जड. शिसव या दोहोंच्या मध्ये, ८०० ते ८५० किलोच्या घरात. कठीणपणा मोजण्यासाठी जांका कसोटी वापरतात. पोलादाची ठरावीक आकाराची गोळी लाकडात अर्ध्यापर्यंत रुतवायला किती जोर लागतो, हे त्यात पाहतात. सागाला सुमारे ४,७०० न्यूटन जोर लागतो, म्पिंगोला १६,००० न्यूटनहून अधिक. याहून कठीण लाकडे जगात आहेत. दक्षिण व मध्य अमेरिकेतले लिग्नम व्हायटे त्यांपैकी एक. पण कठीणपणा, बारीक पोत आणि आकार टिकवण्याची ताकद एकाच ठिकाणी इतक्या प्रमाणात फार थोड्या लाकडांत सापडते.

आकार टिकण्याचा गुण सर्वांत मोलाचा आहे. कोणतेही लाकूड ओलाव्याने फुगते, कोरड्या हवेने आक्रसते. ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत म्पिंगो त्रिज्येच्या दिशेने सुमारे तीन टक्के आणि वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे पाच टक्के आकसतो. इतक्या जड लाकडासाठी हे प्रमाण कमी आहे. वाहिन्यांतली राळ आणि अंगचे तेल पाण्याला सहजी आत शिरू देत नाहीत, त्यामुळे एकदा नीट वाळलेला तुकडा हवामानाबरोबर फारसा हलत नाही. वाळवी आणि बुरशीलाही गाभा सहजी दाद देत नाही.

हे लाकूड वाळवणे मात्र फार जिकिरीचे. घाई केली की टोकांना तडा जातो आणि तो आतपर्यंत धावतो. म्हणून ओंडके कापल्यावर त्यांची टोके मेणाने बंद करतात आणि ठोकळे सावलीत, हळूहळू वाळू देतात. यात महिने नव्हे, वर्षे जातात. चांगला वाद्यनिर्माता ठोकळा आल्याबरोबर कामाला घेत नाही. प्रथम त्याला ओबडधोबड गोल करून मधोमध भोक पाडतो, मग पुन्हा विश्रांतीला ठेवतो, कारण भोक पडल्यावर लाकडातले ताण नव्याने वाटले जातात आणि ते थोडे हलते. त्याचे हलणे पूर्ण थांबल्यावरच शेवटचा, अचूक माप देणारा हात फिरतो.

नासाडी किती होते, हे समजले की किमतीचे कोडे उलगडते. खोड वाकडे, पन्हळीदार, अनेकदा आतून पोकळ. गाठ, चीर, रसकाष्ठाची कड यांपैकी काहीही क्लॅरिनेटच्या तुकड्यात चालत नाही. गिरणीत येणाऱ्या ओंडक्यांपैकी दहा टक्के किंवा त्याहूनही कमी लाकूड वाद्यांच्या दर्जाचे निघते. उरलेल्याचे लहान तुकडे, भुसा आणि सरपण होते. शंभर वर्षांच्या झाडातून थोड्याच वाद्यांपुरते लाकूड मिळावे, यात नवल काही नाही.

कारागिराच्या हातात म्पिंगो लाकडापेक्षा धातूसारखा वागतो. रंध्याचे पाते आणि करवतीचे दात लवकर बोथट होतात. म्हणून कारखान्यात टंगस्टन कार्बाइडची हत्यारे आणि धातुकामाचे लेथ वापरतात. खिळा ठोकायचा तर आधी भोक पाडावे लागते, नाही तर लाकूड फुटते. पण लेथवर कातकाम करताना त्याच्यासारखे दुसरे लाकूड नाही. धार इतकी स्वच्छ येते की स्क्रूचे आटे थेट लाकडात काढता येतात आणि ते पितळेच्या आट्यांसारखे धरून ठेवतात. पॉलिश वेगळे लावावे लागत नाही, नुसते घासले तरी चकाकी येते. गोंदकाम मात्र अवघड, कारण पृष्ठभागावरचे तेल गोंदाला धरू देत नाही. जोडण्याआधी ते पुसून काढावे लागते. भुशापासून सांभाळावे लागते. डाल्बर्जिया वंशातल्या अनेक लाकडांत क्विनोन वर्गातली द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे काही कारागिरांच्या त्वचेला पुरळ येते, डोळे चुरचुरतात, दम लागतो. मास्क आणि भुसा ओढून घेणारा पंखा हे या कामाचे अनिवार्य भाग आहेत.

या लाकडाचा सर्वांत जुना लिखित आणि चित्रित इतिहास इजिप्तमध्ये सापडतो. ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकात राणी हात्शेपसूतने तांबड्या समुद्रातून पुंत देशाकडे जहाजे पाठवली. देर एल बहारी येथील तिच्या मंदिराच्या भिंतींवर त्या सफरीचे शिल्पपट आहेत. परत आणलेल्या मालात धूपाची झाडे, हस्तिदंत, सोने यांच्याबरोबर काळे लाकूडही दाखवले आहे. इजिप्शियन लोक त्या लाकडाला हब्नी म्हणत. प्राचीन इजिप्तमधल्या काळ्या लाकडी वस्तूंचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा त्यातल्या पुष्कळ वस्तू म्पिंगोच्या निघाल्या. राजघराण्यांच्या खुर्च्या, पेट्या आणि सोंगट्यांच्या खेळाचे पट या लाकडाचे होत. हस्तिदंताच्या शुभ्र नक्षीशेजारी त्याचा काळेपणा खुलून दिसे. त्यानंतरच्या अनेक शतकांत हे लाकूड पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरब आणि भारतीय व्यापाऱ्यांच्या गलबतांतून बाहेर जात राहिले, परंतु युरोपच्या वाद्यशाळांत ते पोहोचले एकोणिसाव्या शतकात.

तोवर युरोपातली सुषिर वाद्ये बहुधा बॉक्सवुड या पिवळट लाकडाची असत. क्लॅरिनेटचा जनक मानला जाणारा न्यूरेंबर्गचा योहान क्रिस्टोफ डेन्नर यानेही १७०० च्या सुमारास तेच वापरले. बॉक्सवुड कातायला सुरेख, पण ओलावा लागला की वाकते. ही खोड थोड्या चाव्या असलेल्या साध्या वाद्यात खपून जाई. १८३९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात वादक यासंत क्लोजे आणि वाद्यनिर्माता लुई-ऑगुस्त ब्यूफे यांनी नव्या रचनेची क्लॅरिनेट मांडली. तिच्यात धातूच्या वळ्या, लांब दांडे आणि त्यांना धरणारे अनेक खांब होते. हे खांब थेट लाकडात आटे काढून बसवायचे. लाकूड जरासे वाकले की दांडा अडकतो आणि चावी नीट बसत नाही. साहजिकच अधिक कठीण, अधिक निश्चल लाकडाचा शोध सुरू झाला. काही दशके जमैकातल्या कोकस या झाडाचे लाकूड चालले. त्याची बेसुमार तोड झाली आणि पुरवठा आटला. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्पिंगोने त्याची जागा घेतली. कोकसचे उदाहरण विसरण्यासारखे नाही. वाद्यांच्या बाजाराने एका बेटावरचे झाड कसे संपवत आणले, हे त्यात दिसते.

आजची क्लॅरिनेट पाच भागांत जुळवतात. तोंडी असते ती मुखनळी बहुधा एबोनाइटची, म्हणजे कठीण केलेल्या रबराची. तिच्या खालची छोटी नळी, वरचा सांधा, खालचा सांधा आणि शेवटची घंटा हे भाग म्पिंगोचे असतात. आतली पोकळी सुमारे पंधरा मिलिमीटर व्यासाची असून तिच्यात मिलिमीटरच्या शतांश भागाचा फरकही सुरावर परिणाम करतो. स्वरछिद्रांच्या कडा आतून थोड्या रुंद केलेल्या असतात. इतके बारीक काम स्वच्छ कापले जाणाऱ्या आणि नंतर न हलणाऱ्या लाकडातच टिकते.

म्पिंगोचा आवाज वेगळाच, असे अनेक वादक मनापासून मानतात. भौतिकशास्त्राचे म्हणणे जरा निराळे आहे. सुषिर वाद्यात कंप पावतो तो आतल्या हवेचा स्तंभ. सतारीचा भोपळा जसा स्वतः झणझणतो तसे इथे भिंतीचे होत नाही. अमेरिकी संशोधक जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये आकाराने सारख्या, पण चांदी, तांबे आणि लाकूड अशा वेगवेगळ्या भिंतींच्या बासऱ्या तयार केल्या. ऐकणाऱ्यांना आवाजावरून त्या ओळखता आल्या नाहीत, वाजवणाऱ्यांनाही नाहीत. यावरून म्पिंगोचे महत्त्व कमी होत नाही, फक्त त्याची जागा बदलते. गुळगुळीत आतली भिंत, अचूक मापे, काठोकाठ बसणाऱ्या चाव्या आणि वर्षानुवर्षे न बदलणारा आकार या गोष्टी आवाज घडवतात, आणि त्या सगळ्या या लाकडात एकत्र मिळतात.

तरीही श्वासातल्या ओलाव्यापुढे तेही हतबल होते. थंड खोलीत वादकाने जोरात फुंकर सुरू केली की नळीची आतली बाजू झपाट्याने गरम आणि ओली होते, बाहेरची थंड आणि कोरडी राहते आणि तडा जातो. ओबोचा वरचा सांधा आणि पिकोलो यांत हे विशेष घडते, कारण तिथे भिंती जाड आणि छिद्रे एकमेकांच्या जवळ असतात. म्हणून नवे वाद्य पहिले काही आठवडे रोज थोडा थोडा वेळच वाजवतात. वाजवून झाले की आतून पुसतात आणि अधूनमधून बदामाच्या तेलाचा हात देतात. भेगाळलेले वाद्य टाकून दिले जात नाही. कुशल दुरुस्तीकार धातूच्या पिना किंवा कार्बन तंतूंचे पट्टे बसवून ते वाचवतो.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या बॅगपाइपची कथाही अशीच आहे. पूर्वी तिथले कारागीर स्थानिक लाकडे वापरत, मग एबनी आणि कोकस आले. ब्रिटिश साम्राज्याचे पूर्व आफ्रिकेतले जाळे पक्के झाल्यावर म्पिंगो ग्लासगो आणि एडिंबरोच्या कार्यशाळांत सहज पोहोचू लागला. बॅगपाइपच्या खांद्यावरून वर जाणाऱ्या तीन नळ्या आणि बोटांनी वाजवायची चँटर यांचे लांबच लांब, अरुंद भोक या लाकडात सरळ राहते. भारतीय लष्कराच्या पथसंचलनात दिसणारे बॅगपाइप त्याच परंपरेतले.

महाराष्ट्रात क्लॅरिनेट कानावर येते ती लग्नाच्या बँडमधून. तिथली रोजच्या धावपळीची वाद्ये मात्र बहुधा एबोनाइट किंवा प्लॅस्टिकची असतात. उन्हात, पावसात आणि सतत प्रवासात त्यांचे निभावते. म्पिंगोच्या वाद्याला हे जगणे मानवत नाही.

माकोंदे लोकांच्या शिल्पकलेचा या लाकडाशी असलेला संबंध युरोपच्या वाद्यांइतकाच महत्त्वाचा आहे, आणि जगाच्या नजरेत तो पुरेसा आलेला नाही. माकोंदे हे रुवुमा नदीच्या दोन्ही काठांवरच्या पठारांवर राहतात. आधी ते हलक्या लाकडाचे मुखवटे कोरत. मापिको नृत्यात ते मुखवटे घालतात. विसाव्या शतकात युरोपीय ग्राहकांची मागणी वाढली तसा म्पिंगो त्यांच्या हातात आला. मोझांबिकमधून अनेक माकोंदे मजुरी आणि सुरक्षिततेसाठी टांझानियात गेले. १६ जून १९६० रोजी मुएडा येथे पोर्तुगीज सैनिकांनी जमावावर गोळीबार केला, त्यानंतर हा ओघ आणखी वाढला. दार-ए-सलाममध्ये मोहम्मद पीरा या भारतीय वंशाच्या कलाविक्रेत्याने या शिल्पकारांना बाजारपेठ आणि प्रोत्साहन दिले. १९५० च्या दशकात सामाकी लिकानकोआ या शिल्पकाराने लयदार, विरूप, अर्धमानवी आकृती घडवायला सुरुवात केली. या शैलीला शेतानी म्हणतात; तिच्यातून आत्मे आणि भुताखेतांचे जग उभे राहते. दुसरी प्रसिद्ध शैली उजामा. एकाच ओंडक्यातून एकमेकांच्या खांद्यावर, कमरेवर, गुडघ्यावर चढलेल्या माणसांचा उभा मनोरा कोरतात. मधोमध बहुधा कुळातील आदिमाता किंवा वडीलधारे असतात. खोडाचा वाकडेपणा आणि पोकळी शिल्पकाराला अडचण वाटत नाही. किंबहुना त्यांच्यातून आकृती सुचतात. रसकाष्ठाची पांढरी कड काही शिल्पांत मुद्दाम राखून ठेवलेली असते आणि काळ्या देहाला ती उठाव देते. लाकडाची वाकडी घडण वाद्यनिर्मात्याला टाकाऊ, शिल्पकाराला मोलाची.

दार-ए-सलामच्या म्वेंगे बाजारात आजही शिल्पकारांची रांग दिसते. तिथे खऱ्याबरोबर खोटाही माल असतो. हलके लाकूड कोरून त्याला बुटाचे पॉलिश चोळले जाते. ओळख सोपी आहे. हातात घेतले की वजन लगेच कळते आणि तळाला नखाने खरवडले तर खोटा काळेपणा निघून आतला पांढरा रंग दिसतो.

गावातल्या माणसाला म्पिंगो रोजच्या कामासाठीही लागतो. मुसळ, कुदळीचा दांडा, फणी, आधाराची काठी यांसाठी त्याच्याइतके टिकाऊ लाकूड दुसरे नाही. पाने जनावरे खातात. मुळे आणि साल पोटाच्या व इतर तक्रारींवर पारंपरिक औषधांत वापरली जातात. त्याचा कोळसा फार तापतो आणि लोहाराच्या भट्टीला चालतो. स्वयंपाकाच्या साध्या चुलीला मात्र तो फार भारी पडतो.

व्यापाराची बाजू चिंतेची आहे. केनिया आणि इथिओपियात मोठी झाडे जवळजवळ संपली आहेत. वाद्यांसाठी लागणारे एकूण लाकूड फार नाही, पण नव्या गिऱ्हाइकांची भर पडली आहे. चीनमध्ये परंपरागत फर्निचरसाठी लाल-काळ्या लाकडांना होंगमू म्हणतात. २००० साली तिथे ठरलेल्या होंगमूच्या अधिकृत यादीत म्पिंगोचाही समावेश आहे. त्यानंतर आशियाई फर्निचर बाजाराचा दाब वाढला. बेकायदा तोड, शेतीसाठी राने साफ करणे आणि वारंवारचे वणवे यांची भर पडतेच. मोझांबिकच्या काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून हिंसाचार सुरू आहे. त्यामुळे तिथल्या जंगलांवर देखरेख ठेवणे कठीण झाले आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या झाडाची नोंद संकटाच्या जवळ पोहोचलेली प्रजाती अशी केली आहे. प्रजाती नष्ट होण्याआधी व्यापारी घेराची झाडे संपतात, आणि म्पिंगोच्या बाबतीत खरी भीती हीच आहे.

जतनाच्या प्रयत्नांत दोन धडपडी ठळक आहेत. टांझानियन वनस्पतीतज्ज्ञ सेबास्टियन चुवा आणि टेक्सासमधील लाकूड कातणारे कारागीर जेम्स हॅरिस यांनी १९९६ मध्ये आफ्रिकन ब्लॅकवुड कन्झर्वेशन प्रोजेक्ट उभा केला. त्याआधी बीबीसीच्या एका माहितीपटातून चुवा यांचे काम हॅरिस यांना कळले होते. चुवा यांनी किलिमांजारोच्या परिसरात रोपवाटिका चालवून शाळा आणि गावांना लक्षावधी रोपे पुरवली. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. म्पिंगोचे बी अंकुरते, पण रोपाला पाणी, तण काढणे आणि आगीपासून राखण अशी अनेक वर्षांची सोबत लागते. लावणाऱ्याला स्वतःच्या हयातीत त्यातून पैसा मिळत नाही, म्हणून लागवडीपेक्षा उभ्या रानाची राखण अधिक फलदायी ठरते.

दुसरा प्रयोग दक्षिण टांझानियातल्या किलवा जिल्ह्यातला. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या १९९० च्या दशकातल्या अभ्यासमोहिमेतून तिथे एक संवर्धन संस्था उभी राहिली. तिने टांझानियाच्या २००२ च्या वनकायद्याचा आधार घेतला. या कायद्यानुसार गावाला आपल्या जमिनीवरचे रान स्वतःचे वनक्षेत्र म्हणून जाहीर करता येते आणि तिथल्या लाकडाचे उत्पन्न गावाकडेच राहते. पूर्वी गावाला एका ओंडक्यामागे जवळजवळ काहीच मिळत नसे. २००९ मध्ये किकोले आणि किसांगी या गावांच्या रानांना फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले. आफ्रिकेत गावकऱ्यांनी सांभाळलेल्या नैसर्गिक जंगलाला असे प्रमाणपत्र मिळण्याची ती पहिली वेळ. झाडे मोजायची, दरवर्षी किती तोडायची ते ठरवायचे, ठरावीक घेराखालचे झाड राखायचे, वणवे आवरायचे, अशी शिस्त त्यात येते. पुढे जपानच्या यामाहा कंपनीनेही टांझानियातल्या गावांबरोबर म्पिंगोच्या रानांचे काम हाती घेतले. या प्रयोगांचे मर्म सोपे आहे. रान राखण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, उत्पन्नही त्यालाच मिळाले पाहिजे.

पर्याय शोधणे कारखान्यांनाही भाग पडले. पॅरिसजवळच्या ब्यूफे क्रॅम्पॉन या जुन्या कंपनीने १९९४ मध्ये ग्रीनलाइन नावाची क्लॅरिनेट बाजारात आणली. गिरणीतला म्पिंगोचा भुसा कार्बन तंतू आणि रेझिनमध्ये घट्ट दाबून तिचा सांगाडा करतात. वजन आणि घडण लाकडाजवळची, तडा मात्र जात नाही. मोपाने हे आफ्रिकेच्या दक्षिण भागातले जड लाकूड आणि एबोनाइटही काही निर्माते वापरतात. विद्यार्थ्यांसाठी तर प्लॅस्टिकची क्लॅरिनेट सर्रास मिळते. तिला दमट हवेची फिकीर नसते.

संकटग्रस्त वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स हा करार देखरेख ठेवतो. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत जवळजवळ संपूर्ण डाल्बर्जिया वंश कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला आणि २ जानेवारी २०१७ पासून तो नियम लागू झाला. त्यात म्पिंगोबरोबर शिसव आणि शिसमही होते. त्यामुळे भारतातल्या लाकडी हस्तकलांच्या निर्यातदारांना, तसेच वाद्य घेऊन परदेशी जाणाऱ्या वादकांना आणि वाद्यांच्या दुकानदारांना परवान्यांचा मोठा जाच झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत दुरुस्ती झाली आणि ती २६ नोव्हेंबर २०१९ पासून अमलात आली. तिच्यानुसार तयार वाद्ये, त्यांचे सुटे भाग व साहित्य यांना साइट्स परवाना लागत नाही. ठरावीक मर्यादेपर्यंत, म्हणजे एका मालात त्या प्रजातीचे दहा किलोपर्यंत लाकूड असलेल्या तयार वस्तूंनाही सूट आहे. ओंडके, ठोकळे आणि कापीव लाकूड यांच्या निर्यातीला मात्र उगमदेशाचा परवाना अनिवार्य आहे. टांझानिया किंवा मोझांबिकमधून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक खेपेसोबत तो असावा लागतो.